क्रूच्या गाडीचं भाडं कंपनी भरते, मग ड्रायव्हरला टिप कशाची?

प्रश्न निपाणीच्या एका मुलीचा आहे. विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून लागून वर्ष व्हायचंय, आजवर देशातल्याच फेऱ्या होत्या, आता परदेशच्या फ्लाइट सुरू होणार. एक सीनियर तिला सांगते, हॉटेलच्या व्हॅनमधून उतरताना प्रत्येकानं ड्रायव्हरच्या हातावर डॉलर ठेवायचाच. दुसरे एक सीनियर सांगतात, कंपनी हॉटेलला पैसे मोजते, आपण कशाला द्यायचे, उगाच सवयी बिघडवू नका. शेवटी तिनं आणखी एक अडचण लिहिली आहे: सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, मुक्काम पडला की गाडीवर आपल्याच भागातले मामा असतात, मराठीत बोलतात, बॅगा उचलून देतात. त्यांना पैसे दिले तर वाईट वाटेल का, आणि नाही दिले तर ‘विमानात लागली आणि शेफारली’ असं म्हणतील का?

दोन्ही सीनियर आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिली बहुतेक अमेरिकेच्या फेऱ्या करत आलेली असणार, दुसरे आखात नि सिंगापूरच्या. टिप ही त्या त्या देशातल्या पगाराच्या पद्धतीला चिकटलेली गोष्ट आहे, त्यामुळे सगळ्या जगाला एकच उत्तर लावलं तर ते निम्म्या ठिकाणी चुकतं. पण उत्तर काढायची रीत सगळीकडे सारखीच आहे, ती आधी सांगतो.

क्रूची ने-आण दोन प्रकारांनी होते. एक तर हॉटेलची स्वतःची शटल असते, तिचा खर्च कंपनीनं हॉटेलशी ठरवलेल्या खोल्यांच्या दरातच धरलेला असतो. नाहीतर कंपनीनं वेगळा ट्रान्सपोर्टवाला नेमलेला असतो, त्याला फेरीमागे किंवा महिन्याचे पैसे मिळतात. दोन्हीकडे भाडं चुकतं झालेलं असतं, गाडीत बसल्याबद्दल तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही. उरतं ते सामान. मार्केट यार्डात टेम्पोचं भाडं ठरलं तरी पोती चढवा-उतरवायची हमाली वेगळी धरतात, त्यातलाच हा प्रकार. लांब पल्ल्याच्या फ्लाइटचा क्रू बारा-चौदा जणांचा. प्रत्येकाची एक मोठी सूटकेस आणि एक छोटी बॅग म्हटलं तरी पंचवीसेक डाग, म्हणजे नग, झाले. मोठी सूटकेस पंधरा किलोंची धरली तर ड्रायव्हर एका फेरीत दोनशे किलोंच्या आसपास वजन गाडीच्या मागच्या कप्प्यात चढवतो आणि हॉटेलच्या पोर्चमध्ये उतरवतो, तेही दार वरून डोक्याला लागणार नाही असं वाकून. टिपचा हिशोब या कामावर चालतो. हॉटेल पाच मिनिटांवर असो की पाऊण तासावर, आकडा तोच राहतो.

म्हणजे विचारायचे प्रश्न दोन. ड्रायव्हरनं सामानाला हात लावला का? आणि त्या देशात त्याचा पगार ठरवताना टिप मिळणार हे धरलेलं असतं का? दोन्हींचं उत्तर ‘होय’ असेल तर द्या. पहिल्याचंच ‘होय’ असेल तर मर्जीचा मामला. आणि जिथं टिप देण्याचा रिवाजच नाही, तिथं देऊन तुम्ही समोरच्याला अवघडवता.

अमेरिकेत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थेट कायद्यात सापडतं. तिथलं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेच. पण ज्या कामगाराला नेहमीच महिन्याला ३० डॉलरच्या वर टिप मिळते, त्याला मालक तासाला २.१३ डॉलर एवढाच रोख पगार देऊ शकतो. बाकीची भर टिपमधून पडेल असं धरतात, आणि नाहीच पडली तर फरक मालकानं भरायचा. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. प्रत्येक शटल ड्रायव्हर या खालच्या दरावर असतो असं मात्र समजू नका. बरेच जण पूर्ण वेतनावर असतात, आणि कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत टिप पगारातून वजा धरायला परवानगीच नाही. तरी सॅन फ्रान्सिस्कोत टिप बंद झालेली नाही. पगार ठरवताना मालक आणि नोकरी धरताना ड्रायव्हर, दोघंही वरचे पैसे मोजूनच बसलेले असतात.

म्हणून अमेरिकेत द्यायचे. माणशी एक डॉलर, दोन मोठे डाग असतील तर दोन. विमानतळावरून येताना आणि परत जाताना, दोन्ही वेळा, कारण दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर बहुधा वेगळा असतो. तो सीटवरून उतरलाच नाही, बॅगा तुमच्या तुम्हीच चढवल्या, तर तिथलेही क्रू बऱ्याचदा देत नाहीत आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. एक डॉलर म्हणजे चिल्लर वाटेल, पण बारा जणांचे बारा डॉलर म्हणजे तिथल्या किमान वेतनाच्या दीड तासाहून जास्त, तेही वीस मिनिटांच्या फेरीत. उलट एकट्यानं मोठेपणा दाखवायला दहाची नोट दिली तर मागचे सगळे खिशातला हात खिशातच ठेवतात आणि ड्रायव्हरचं नुकसान होतं.

तुमच्या बाजूचा हिशोबही सांगतो. महिन्याला अमेरिकेचे दोन मुक्काम, प्रत्येकी दोन फेऱ्या, फेरीला दोन डॉलर धरले तरी आठ डॉलर होतात. बाहेरच्या मुक्कामाचा जो भत्ता मिळतो तो जेवणाबरोबर असल्या किरकोळ खर्चासाठीच असतो. अमेरिकन सरकारच्या प्रवासभत्त्याच्या नियमांत तर हमाल आणि हॉटेलच्या नोकरांची टिप ‘किरकोळ खर्चा’त नावानिशी धरलेली आहे, त्यासाठी दिवसाला ५ डॉलर ठेवलेत. आपल्याकडे कंपनीकडे याचं वेगळं बिल लावायला जाऊ नका, पावती नसलेला खर्च कुणी पास करत नाही. अपवाद एकच: काही ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कंत्राटात टिप आधीच धरलेली असते आणि गाडीत तशी पाटी असते. पाटी नसेल आणि शंका असेल तर इन-चार्जला, म्हणजे क्रूच्या प्रमुखाला, विचारा, ड्रायव्हरला नको. त्याला विचारून खरं उत्तर कसं मिळणार?

कॅनडात रिवाज अमेरिकेसारखाच, फक्त तिथं एक आणि दोन डॉलरच्या नोटा चलनात नाहीत, नाणी आहेत. त्यामुळे एरवीचा ‘परदेशात टिप नाण्यांत देऊ नये’ हा नियम तिथं उलटा होतो. नाणीच द्यायची, आणि उरली तर टोरांटो सोडण्याआधीच संपवायची, कारण आपल्याकडचा फॉरेक्सवाला परदेशी नाणं घेत नाही. हेच कारण लक्षात ठेवून दुसऱ्या देशाची नाणी कुणाला देऊ नका. दिरहमची नाणी न्यूयॉर्कच्या ड्रायव्हरला दिली तर त्याच्या दृष्टीनं ती गोट्यांच्या लायकीची. ब्रिटनमध्ये शटल ड्रायव्हरला देण्याची सक्ती कुणी मानत नाही. सामान जड असेल आणि त्यानं मनापासून मदत केली असेल तर एक-दोन पौंडाचं नाणं पुरे. तिथं १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा आहे की जमा झालेली टिप मालकानं कामगारांनाच वाटली पाहिजे, त्यामुळे हॉटेलच्या काउंटरवरच्या पेटीत टाकलं तरी ते मालकाच्या खिशात जायला नको. युरोपात बहुतेक ठिकाणी असंच, एक-दोन युरो, मर्जी असेल तर. आखातात गाडीवर पुष्कळ ड्रायव्हर आपल्याच उपखंडातले असतात. पगारात टिप धरलेली नसते, पण घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून दहा-पंधरा दिरहम दिले तर ते कामाला येतात. सिंगापूरला हॉटेलच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क लागतं, वर देण्याची पद्धत नाही. ऑस्ट्रेलियातही अपेक्षा नसते. जपान आणि कोरियात तर देऊच नका. जपानी ड्रायव्हर विसरलेले पैसे परत करायला तुमच्या मागे लॉबीपर्यंत धावत येईल आणि दोघंही अवघडून उभे राहाल. तिथं नीट मान लवून आभार मानले की झालं.

पैशांऐवजी बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा डबा नेला तर, असंही तिनं विचारलंय. भावना चांगली आहे, पण दुधाचा पदार्थ आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तो उतरल्यावर जाहीर करावा लागतो, जप्त होऊ शकतो, आणि युनिफॉर्ममधल्या माणसाकडे न सांगता सापडला तर गोष्ट कंपनीपर्यंत जाते. कुंदा बेंगळुरूपर्यंतच ठेवा.

आता गोळा कसं करायचं. अमेरिकन क्रूमध्ये प्रत्येक जण आपली बॅग हातात घेताना आपला डॉलर देतो. आपल्या क्रूमध्ये वर्गणी काढायची सवय आहे, आणि गोंधळ तिथंच होतो. गाडी पोर्चमध्ये लागल्यावर अंधारात पाकिटं चाचपायला लागलं की एकाकडे वीसची नोट, दुसऱ्याकडे दिरहम, तिसरा फोनवर, आणि शेवटी सगळ्यात ज्युनियर मुलगी सगळ्यांचे भरून मोकळी होते. मग ते परत मागायची तिला लाज. हे टाळायचं तर इमिग्रेशनच्या रांगेतच इन-चार्जनं एकाकडे पैसे जमा करावेत. ज्याला द्यायचे नसतील त्यानं तिथंच सांगावं, वाद नको. पायलट पुष्कळदा वेगळ्या गाडीनं किंवा वेगळ्या हॉटेलला जातात, त्यांना या हिशोबात धरू नका. ज्युनियर म्हणून तुमचा वाटा तुमच्यापुरताच, दुसऱ्यांचा भरायला लागलात तर तो मानपान कायमचा गळ्यात पडतो. आणि वीसची नोट देऊन ड्रायव्हरकडून सुट्टे मागणं तर अगदीच वाईट. ते पैसे त्याला मागच्या क्रूनं दिलेले असतात.

एका गोष्टीसाठी टिप कधीच वापरू नका: वाट वाकडी करून घेण्यासाठी. ‘पाच मिनिटं मॉलपाशी थांबवा, तुमचं बघतो’ असं म्हणून दिलेले पैसे टिप राहत नाहीत. कंत्राट विमानतळ ते हॉटेल एवढंच असतं. ठरलेल्या रस्त्यावरून गाडी हलली आणि कुठं ठोकली तर विम्याचा प्रश्न येतो, आणि आधी नोकरी जाते ती ड्रायव्हरची. शिवाय आपल्याकडच्या नियमांत हॉटेल-विमानतळ हा प्रवासाचा वेळ विश्रांतीत मोजत नाहीत. मॉलपाशी घातलेली वीस मिनिटं तुमच्याच नव्हे, गाडीतल्या सगळ्यांच्या झोपेतून जातात, आणि गाडीत कॅप्टन असेल तर त्याला त्या झोपेची गरज असते.

तसंच उलट बाजूनं. ड्रायव्हर फोनवर बोलत चालवतो, वेग फार ठेवतो, मागच्या सीटचे पट्टे तुटलेत, किंवा गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली, अशा वेळी राग टिपवर काढून काही होत नाही. पैसे का मिळाले नाहीत हे त्याला कळत नाही, तो समजतो हा क्रू कंजूष. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि नेमकं काय घडलं एवढं चार ओळींत लिहून इन-चार्जमार्फत कंपनीच्या क्रू हॉटेल बघणाऱ्या विभागाकडे द्या. उशीर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा नसतोही. फ्लाइटची बदललेली वेळ कंपनीनं हॉटेलला कळवलेली नसते, किंवा एकच गाडी दोन कंपन्यांच्या क्रूला वाटलेली असते. सामान उचलल्याचे पैसे द्या आणि तक्रार वेगळी करा. दोन्ही एकाच दिवशी केलं तरी त्यात विसंगती नाही.

आता सांबरा. खरं तर प्रश्नातला मला सगळ्यात नाजूक वाटलेला भाग हाच.

आपल्याकडे गाडीवरचा माणूस हॉटेलच्या पगारावर असतो, नाहीतर पिवळ्या पाटीची गाडी पुरवणाऱ्या मालकाच्या. महिन्याचा पगार आणि कधी रात्रीचा भत्ता. टिप धरून पगार ठरवायची पद्धत इथं नाही, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. देणं लागत नाही. पण इथं सामानापेक्षा वाट बघणं मोठं असतं. सांबऱ्याहून गावात यायचं म्हणजे निलजी, बसवन कुडची करत गांधीनगरपर्यंत दहा-अकरा किलोमीटर, तेवढं काही नाही. पण आषाढ-श्रावणात ढग खाली उतरले, पाऊस झोडपायला लागला की फ्लाइट वर घिरट्या घालते, कधी दुसरीकडे वळते, आणि गाडीवाला पार्किंगमध्ये तास-दोन तास बसून राहतो. वेटिंगचे पैसे कंत्राटात असले तरी ते बहुधा गाडीमालकाकडे जातात. पुन्हा सकाळी लवकरच्या फ्लाइटसाठी तोच माणूस पहाटे हॉटेलच्या दारात हजर. अशा दिवशी काही दिलं तर ते योग्य आहे, आणि रोजच्या साध्या फेरीला काही दिलं नाही तरी योग्य आहे.

किती? एटीआर या लहान विमानाचा क्रू चौघांचा, एअरबसचा साधारण सहा जणांचा. सगळ्यांनी मिळून पन्नास ते शंभर रुपये, फार उशीर झाला असेल किंवा पावसात भिजत बॅगा चढवल्या असतील तर दोनशे. माणशी वीस-वीसच्या नोटा वेगवेगळ्या हातांनी पुढे करू नका, वयानं मोठ्या माणसाला ते बरं दिसत नाही. इन-चार्जनं एकदाच, गाडीतून उतरून, इतर पाहुण्यांच्या घोळक्यापासून जरा बाजूला होऊन द्यावं. शब्दही साधे: ‘मामा, सगळ्यांकडून आहे हे, नाष्टा करा.’ कन्नड बोलणारा असेल तर ‘अण्णा, चहा कुडीरी’, एवढं बेळगावात कुणालाही येतं. ‘नको ओ बाई, असू दे’ असं पहिल्यांदा म्हणणारच, ती आपली रीत आहे. एकदा आग्रह करा. दुसऱ्यांदाही हात मागे घेतला तर खरंच नको आहे, पैसे परत खिशात ठेवा आणि त्यांचं नाव फीडबॅकच्या अर्जात लिहा. गाडीमालकाकडे किंवा हॉटेलच्या मॅनेजरकडे नावानिशी गेलेली चांगली नोंद कंत्राटाच्या ड्रायव्हरला शंभर रुपयांपेक्षा जास्त उपयोगी पडते. कुणाची गाडी ठेवायची आणि कुणाची काढायची हे तिथंच ठरतं.

राहता राहिलं गावातल्यांच्या बोलण्याचं. मामा म्हणून हाक मारून, मराठीत चार शब्द बोलून, बॅगेचं एक टोक आपण धरलं तर ‘शेफारली’ कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर ते पन्नास रुपयांनी थांबणारही नाही.

एक इशारा मात्र मुलींसाठी मुद्दाम. सुट्टे नसले की आता सगळे क्यूआर कोड पुढे करतात. यूपीआयनं पैसे पाठवले की समोरच्याला तुमचं पूर्ण नाव दिसतं, आणि बऱ्याचदा यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबरच असतो. तुम्ही कुठल्या हॉटेलात, किती वाजेपर्यंत आहात हे त्या माणसाला आधीच माहीत असतं. शंभरातले नव्याण्णव जण सज्जन असतात, तरीही ही माहिती वाटत फिरू नका. टिप रोखच, नाहीतर इन-चार्जच्या हातून. नावाची पट्टी छातीवर असते, तेवढं पुरे.

शेवटची अडचण सुट्ट्या डॉलरची. आपल्याकडे फॉरेक्सवाले शंभर, पन्नास, फार तर वीसच्या नोटा देतात. एकच्या मिळणं कठीण, आणि भत्ता कार्डावर आला तर नोटा हातातच येत नाहीत. म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या मुक्कामात विमानतळावरून हॉटेलला जायच्या फेरीलाच तुमच्याकडे सुट्टे नसणार. त्या दिवशी एखाद्या सीनियरकडून दोन डॉलर उसने घ्या, आणि हॉटेलात शिरल्या शिरल्या रिसेप्शनवर वीसची नोट मोडून वीस एकच्या मागा. रोजचं मागणं आहे, कुणी भुवया उंचावत नाही. सकाळच्या घाईत मागाल तर गल्ल्यात एकच्या नोटा संपलेल्या असतात, म्हणून रात्रीच मोडा. त्यातल्या पाच-सहा युनिफॉर्मच्या जॅकेटच्या आतल्या खिशात वेगळ्या ठेवा, बाकीच्या पुढच्या मुक्कामाला. व्हॅनच्या दाराशी उभं राहून बॅगेच्या तळातलं पाकीट शोधत बसलात, तर मागे झोपेनं पेंगुळलेले अकरा जण उभे असतात.